हजेरीपटात नाव नसलेला मुलगा

[मार्गारेट पीटरसन हॅडिक्स या अमेरिकन लेखिका आहेत. त्यांचा जन्म १९६४ साली ओहायो राज्यात झाला. पुस्तके लिहिण्यापूर्वी त्यांनी वृत्तपत्राच्या बातमीदार म्हणून काम केले. कुमारवयीन मुलामुलींसाठी त्यांनी अनेक कादंबऱ्या लिहिल्या आहेत. १९९८ साली त्यांची 'अमंग द हिडन' म्हणजे 'लपलेल्यांमध्ये' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. पुढे २००६ सालापर्यंत या कथेचे एकूण सात भाग झाले. प्रस्तुत पाठात या कादंबरीची ओळख करून दिली आहे. अन्यायी कायदा माणसाची ओळख कशी पुसून टाकतो आणि अशा कायद्याला माणसे कोणकोणत्या मार्गांनी विरोध करतात, हे या पाठात सांगितले आहे.]

कथालेखक कधी कधी नकाशावर नसलेला देश उभा करतात. हा देश चांगला असतो, तसा वाईटही असतो. बंगालमधील लेखिका रुकैया सखावत हुसेन यांनी १९०५ साली 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा लिहिली. तिच्यातील देशात स्त्रिया राज्यकारभार पाहतात, सूर्याच्या उष्णतेचा उपयोग करून घेतात आणि रस्त्यावरून निर्भयपणे हिंडतात. ते एका चांगल्या देशाचे स्वप्न होते.

याच्या उलट, काही लेखक वाईट देशाचे चित्र काढतात. इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांची 'नाइन्टीन एटी-फोर' ही कादंबरी १९४९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील सरकार माणसाच्या घरातही नजर ठेवते. लोइस लोरी यांच्या 'द गिव्हर' (१९९३) या कादंबरीतील लोक सुखात राहतात. पण त्यांच्याकडून जुन्या आठवणी आणि रंगसुद्धा काढून घेतलेले असतात. सुझन कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स' (२००८) मध्ये राजधानीतील लोकांच्या करमणुकीसाठी प्रत्येक जिल्ह्यातून दरवर्षी एक मुलगा आणि एक मुलगी जीवघेण्या खेळात पाठवावी लागते.

या सगळ्या देशांत एक गोष्ट सारखी आहे. सरकार लोकांना काहीतरी देण्याचे वचन देते. कोठे शांतता, कोठे सुरक्षितता, तर कोठे पोटभर अन्न. त्याच्या बदल्यात ते लोकांकडून काहीतरी काढून घेते. काय काढून घेतले, हे लोकांच्या फार उशिरा लक्षात येते. अशा गोष्टी केवळ भीती दाखवण्यासाठी लिहिलेल्या नसतात. धोक्याच्या वळणावर रस्त्याच्या कडेला जशी पाटी लावलेली असते, तशा या गोष्टी असतात.

अशीच एक गोष्ट ल्यूक गार्नर या बारा वर्षांच्या मुलाची आहे.

ल्यूक एका शेतकऱ्याचा मुलगा आहे. त्याला मॅथ्यू आणि मार्क नावाचे दोन मोठे भाऊ आहेत. हे भाऊ शाळेत जातात, बाजारात जातात, मित्रांबरोबर खेळतात. ल्यूक मात्र कधीच कोठे गेलेला नाही. आईवडील आणि दोन भाऊ यांच्याशिवाय त्याने दुसऱ्या कोणाशीही एक शब्द बोललेला नाही. त्याने काही गुन्हा केला आहे काय? होय, त्या देशाच्या कायद्याने तो गुन्हेगारच आहे. त्याचा गुन्हा एवढाच, की तो तिसरा जन्मला.

त्या देशात काही वर्षांपूर्वी मोठा दुष्काळ पडला होता. अन्न पुरत नव्हते. तेव्हा सरकारने कायदा केला, की कोणत्याही कुटुंबात दोनपेक्षा जास्त मुले असता कामा नयेत. तिसरे मूल शोधून काढण्यासाठी 'लोकसंख्या पोलीस' नावाचे खास पोलीस नेमले. मूल सापडले, तर त्याला मृत्यूची शिक्षा आणि आईवडिलांनाही कठोर शिक्षा. म्हणून ल्यूकच्या आईवडिलांनी त्याला लपवून ठेवले. सरकारी दप्तरात त्याच्या जन्माची नोंद नाही. कायद्याच्या दृष्टीने तो जन्मलाच नाही.

तरीही लहानपणी ल्यूकचे दिवस बरे गेले. घरामागे दाट झाडी होती. त्या झाडीच्या आडोशाने तो अंगणात खेळे, गोठ्यात वडिलांच्या हाताखाली काम करी. मग एके दिवशी सरकारने ती झाडे तोडायला सुरुवात केली. तेथे श्रीमंत लोकांसाठी मोठी घरे बांधायची होती. या श्रीमंतांना त्या देशात 'बॅरन' म्हणतात. झाडे पडली आणि ल्यूकचे आकाशही गेले. आता तो अंगणात येऊ शकत नव्हता. खिडकीजवळ उभा राहू शकत नव्हता. कोणाला दिसू नये म्हणून तो घरच्यांबरोबर जेवणाच्या टेबलाशीही बसू शकत नव्हता. घरातली माणसे टेबलाभोवती बसत आणि ल्यूक जिन्याच्या पायरीवर, आडोशाला बसून जेवत असे. आई, वडील, भाऊ अगदी काही पावलांवर होते. पण तो त्यांच्यात नव्हता.

लेखिकेने येथे कोठेही मारहाण दाखवलेली नाही. एक मुलगा पायरीवर बसून जेवतो, एवढेच दाखवले आहे. पण जुलूम म्हणजे काय, हे तेवढ्यावरून कळते. ज्या आईने लेकराला जीव मुठीत धरून वाचवले, तिलाच त्याला आपल्या शेजारी बसवता येत नाही. जुलमी कायदा पोलीस दारात येण्याच्या आधीच घरात शिरतो आणि घरच्या माणसांकडूनच आपले काम करून घेतो.

ल्यूक आता माळ्यावरच्या खोलीत राहू लागला. छताजवळच्या झरोक्यातून तो खाली पाही. समोरच्या घरांत कोण राहतो, कोण किती वाजता बाहेर पडतो, हे त्याला पाठ झाले. एका घरात दोन मुलगे होते. एके दिवशी त्या घरातली सगळी माणसे बाहेर गेल्यानंतर ल्यूकला खिडकीत एक चेहरा दिसला. तो चेहरा एका मुलाचा होता. घरातली दोन्ही मुले तर बाहेर गेली होती. मग हा चेहरा कोणाचा? ल्यूकने विचार केला आणि त्याच्या काळजाचा ठोका चुकला. त्या घरातही तिसरे मूल होते!

त्याने बरेच दिवस वाट पाहिली. शेवटी घरचे सगळे कामावर गेलेले असताना तो धावत समोरच्या घरात शिरला. तेथे त्याला जेन टॅलबट भेटली. जेन जवळजवळ त्याच्याच वयाची, पण स्वभावाने अगदी वेगळी. ल्यूक हळू बोलणारा, घाबरणारा. जेन धीट, बोलकी, चटकन रागावणारी. श्रीमंत घरातली असल्यामुळे तिच्याजवळ संगणक होता. त्या संगणकावरून ती देशभरातल्या इतर लपलेल्या मुलांशी गप्पा मारत असे. ही मुले स्वतःला 'सावलीची मुले' म्हणत. त्यांच्या गटात शिरण्यासाठी जो परवलीचा शब्द होता, त्याचा अर्थ 'मुक्त' असा होता.

जेनच्या घरी ल्यूकला पहिल्यांदा बटाट्याचे वेफर खायला मिळाले. ही साधी गोष्ट नाही. अन्न वाचवण्यासाठी असे पदार्थ बनवायला त्या देशात बंदी होती. पण बॅरन लोकांच्या घरी ते मिळत होते. ल्यूकच्या वडिलांना सरकारने पाळलेली जनावरे विकायला लावली होती. करांचा बोजा वाढला होता. घर चालवण्यासाठी आईला कारखान्यात कामाला जावे लागत होते. कायदा सर्वांसाठी एकच होता. पण त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नव्हता. तिसरे मूल शेतकऱ्याच्या घरी माळ्यावर कोंडलेले होते आणि श्रीमंताच्या घरचे तिसरे मूल नकली परवाना घेऊन आईबरोबर दुकानात जाऊन आले होते.

जेनने ल्यूकला वाचायला पुस्तके आणि लेख दिले. काहींमध्ये सरकारची बाजू होती : माणसे फार झाली, म्हणून अन्न कमी पडते. काहींमध्ये उलट मत होते : अन्नाची वाटणी नीट झाली, तर सर्वांना पुरेल. ल्यूकने दोन्ही बाजू वाचल्या आणि तो गोंधळून गेला. आपण जन्मलो म्हणून दुसरे कोणी उपाशी राहिले का, हा प्रश्न त्याला छळू लागला. जेनला असा प्रश्न कधी पडत नसे. कायदा चूक आहे, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

जेनने एक बेत आखला. देशभरातल्या सावलीच्या मुलांनी राजधानीत एकत्र जमायचे आणि सर्वांसमोर आपला हक्क मागायचा. आम्हीही या देशाची मुले आहोत, आम्हाला उघडपणे जगू द्या, असे सरकारला सांगायचे. शेकडो मुले आली, म्हणजे सरकारला ऐकावेच लागेल, असे तिला वाटत होते. तिने ल्यूकलाही बोलावले. ल्यूक गेला नाही. त्याला भीती वाटली आणि त्याने ती जेनपासून लपवली नाही.

त्या सभेला फक्त चाळीस मुले आली. सरकारने त्यांचे म्हणणे ऐकले नाही. सर्वांना गोळ्या घालून ठार केले. त्यांत जेनही होती. या घटनेबद्दल सरकारने ब्रही काढला नाही. जी मुले दप्तरात जन्मलीच नव्हती, त्यांच्या मरणाची नोंद तरी कोठे होणार?

जेनची काहीच खबर येत नाही, म्हणून ल्यूक जीव धोक्यात घालून पुन्हा तिच्या घरी गेला. तेथे जेनच्या वडिलांनी त्याला पकडले. त्यांच्याकडूनच त्याला ही बातमी कळली आणि त्याच्या पायाखालची वाळू सरकली. जेनचे वडील लोकसंख्या पोलिसांच्याच मुख्य कचेरीत नोकरीला होते. मात्र ते मनाने त्या कायद्याच्या विरोधात होते आणि आतून जमेल तेवढी कामात खीळ घालत होते. त्यांनी ल्यूकला पोलिसांपासून वाचवले. एक श्रीमंत घरातला मुलगा अपघातात मरण पावला होता. त्याचे नाव ली ग्रँट. त्याचे ओळखपत्र त्यांनी ल्यूकला दिले. ते घेऊन ल्यूक घर सोडून दूरच्या वसतिगृहाच्या शाळेत गेला. आईवडिलांना पुन्हा भेटता येईल की नाही, हे त्याला ठाऊक नव्हते.

आता तो उघड्या आकाशाखाली चालू शकत होता. वर्गात बसू शकत होता. पण कोण म्हणून? 'ली ग्रँट' म्हणून. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला लेखिकेने सांगितले आहे, की ल्यूक रात्री अंधारात आपले खरे नाव हळूच पुटपुटत असे. दिवसभर दुसऱ्याच्या नावाला ओ देणारा मुलगा रात्री स्वतःलाच स्वतःची ओळख सांगत होता.

विद्यार्थी मित्रांनो, शाळेत रोज सकाळी हजेरी होते. गुरुजी किंवा बाई नाव पुकारतात आणि तुम्ही 'हजर' म्हणता. इतक्या सवयीची गोष्ट आहे, की त्यात काही विशेष आहे असे आपल्याला वाटतही नाही. पण हजेरीपटातले ते नाव म्हणजे या जगात आपली जागा आहे याची खूण आहे. नाव असेल तर शाळा मिळते, दवाखान्यात केसपेपर निघतो, शिधापत्रिकेवर धान्य मिळते. आपण एखादे दिवशी आलो नाही, तर कोणीतरी विचारते, की आज तो का आला नाही? ल्यूकबद्दल असे विचारणारे बाहेर कोणीही नव्हते. त्याला काही झाले असते, तर बाहेरच्या जगात काहीच घडले नसते.

ही केवळ कल्पना आहे, असे समजू नका. चीनमध्ये १९८० सालापासून अनेक वर्षे बहुतेक कुटुंबांना एकच मूल होऊ देण्याचे धोरण होते. नियमाबाहेर मूल झाले, तर मोठा दंड भरावा लागे. तो भरता येत नसे, तेव्हा पुष्कळ आईवडील मुलाची नोंदच करत नसत. नोंद नाही म्हणून त्या मुलांना सरकारी शाळेत प्रवेश मिळणे, दवाखान्यात उपचार मिळणे, पुढे नोकरी मिळणे अवघड होई. २०१० सालच्या जनगणनेत त्या देशात सुमारे १ कोटी ३० लाख लोक नोंदीशिवाय राहत असल्याचे दिसून आले. त्यांतील बऱ्याच जणांचा जन्म नियमाबाहेर झालेला होता. २०१६ साली हे एक मुलाचे धोरण संपले आणि नोंद नसलेल्या सर्व लोकांची नोंद करावी, असा आदेशही सरकारने काढला. ती मुले कथेतली नव्हती. त्यांना घर होते, आईवडील होते. फक्त कागदावर नाव नव्हते.

म्हणूनच २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने बालहक्कांचा करार मंजूर केला, तेव्हा त्यात एक कलम घालण्यात आले. मूल जन्मताच त्याची नोंद झाली पाहिजे आणि जन्मापासून त्याला नावाचा हक्क असला पाहिजे, असे ते कलम सांगते. मूल पहिले की तिसरे, असा भेद त्यात नाही. भारताने हा करार १९९२ साली स्वीकारला. आपल्या देशात जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालापासून आहे. त्यानुसार जन्माची खबर २१ दिवसांच्या आत द्यायची असते. घरच्या पेटीत ठेवलेला तुमचा जन्मदाखला म्हणजे निव्वळ एक कागद नाही. हे मूल आमच्यात आहे, याची ती सरकारने दिलेली कबुली आहे.

आता एका अवघड प्रश्नाकडे वळू. जेन बरोबर होती, की ल्यूक?

काही वाचक म्हणतात, जेन शूर आणि ल्यूक भित्रा. हे म्हणणे सोपे आहे. पण पूर्ण खरे नाही. जेनच्या धैर्याला तोड नाही. लपून शंभर वर्षे जगण्यापेक्षा स्वतःच्या नावाने एक दिवस उभे राहावे, असे तिला वाटले. मात्र तिचा एक अंदाज चुकला. ती मोठ्या घरात वाढली होती. हट्ट धरला की मोठी माणसे ऐकतात, हा तिचा अनुभव होता. सरकारही तसेच ऐकेल, असे तिने धरले. ल्यूक गरिबाच्या घरातला. वडिलांनी सरकारकडे विनंती केली आणि सरकारने ती फेटाळली, हे त्याने पाहिले होते. त्याची भीती अनुभवातून आलेली होती. शिवाय, मरण पावलेली ती चाळीसही मुलेच होती. मुलांना असे मरणाच्या दारात जावे लागले, याचा दोष मुलांकडे जात नाही. तो कायदा करणाऱ्यांकडे आणि तो मुकाट्याने पाहत राहिलेल्या मोठ्या माणसांकडे जातो.

जेन गेली, पण तिची गोष्ट तिच्याबरोबर संपली नाही. ती भेटली नसती, तर ल्यूक जन्मभर माळ्यावरच राहिला असता. तिच्यामुळेच आपण गुन्हेगार नाही, हे त्याला प्रथम कळले.

पुढच्या भागांत ल्यूक हळूहळू मोठा होतो. २००६ साली आलेल्या शेवटच्या भागात तो वेष बदलून लोकसंख्या पोलिसांच्याच गोटात शिरलेला आहे. तेथे एक अधिकारी त्याच्या हातात बंदूक देतो आणि एका स्त्रीला गोळी घालण्याचा हुकूम करतो. ल्यूक गोळी घालत नाही. तो बंदूक टाकून देतो आणि पळून जातो. त्याने भाषण केले नाही, घोषणा दिली नाही. फक्त हुकूम मानला नाही. ज्या मुलाला एकदा सभेला जाण्याचे धैर्य झाले नव्हते, त्याच मुलाने हे केले.

यावरून दिसते, की बंडाचे रूप एकच नसते. जेनने उघडपणे हक्क मागितला. तिच्या वडिलांनी शत्रूच्या कचेरीत बसून मुलांना वाचवले. ल्यूकच्या आईने बारा वर्षे एक मूल जिवंत ठेवले. तेही बंडच होते. आणि ल्यूकने वाईट काम करायला नकार दिला. जुलमी सत्ता केवळ राजाच्या बळावर चालत नाही. दार ठोठावणारे, यादी लिहिणारे, गोळी झाडणारे असे अनेक हात तिला लागतात. त्यांतला एक हात मागे आला, तरी तिचे काम अडते.

शेवटी ते सरकार कोसळते. पण लेखिका गोष्ट तेथे थांबवत नाही. पुढे आलेले नवे नेतेही लोकांच्या हालांचा दोष तिसऱ्या मुलांवरच ढकलू लागतात. माणसे उपाशी असली, की दोष द्यायला कोणीतरी दुबळे शोधणे सोपे जाते. राज्यकर्ते बदलले, पण ही सवय बदलली नव्हती. म्हणून ल्यूकला जुन्या सत्तेपुढे जे सांगायचे होते, तेच नव्या नेत्यांपुढेही सांगावे लागते.

कायदे हवेतच. कायद्याशिवाय गावही चालत नाही आणि शाळाही चालत नाही. पण एखादा कायदा न्यायाचा आहे की नाही, हे ओळखण्यासाठी तीन प्रश्न विचारून पाहावेत. हा कायदा माणसाने काय केले यासाठी शिक्षा देतो, की तो कोण म्हणून जन्मला यासाठी? ज्यांनी कायदा केला, ते स्वतः तो पाळतात काय? आणि कायदा चूक वाटला, तर तसे उघडपणे म्हणण्याची मुभा आहे काय? ल्यूकच्या देशातील कायदा या तिन्ही प्रश्नांत नापास होतो.

शब्दार्थ

ओळख – परिचय, आपण कोण आहोत याची खूण
जुलूम – अन्याय, जबरदस्ती
बंड – बगावत, सत्तेला केलेला विरोध
दुष्काळ – पाऊस न पडल्यामुळे किंवा पीक न आल्यामुळे होणारी अन्नाची टंचाई
माळा – घराच्या छताखालची वरची जागा
झरोका – हवा आणि उजेड येण्यासाठी ठेवलेली लहान जागा
आडोसा – कोणाला दिसू नये म्हणून घेतलेला आधार
परवलीचा शब्द – आत प्रवेश मिळण्यासाठी सांगायचा गुप्त शब्द
कचेरी – कार्यालय
गोट – छावणी, गट
मुभा – परवानगी, मोकळीक

वाक्प्रचार

जीव मुठीत धरणे – फार भीतीत असणे
काळजाचा ठोका चुकणे – एकदम धक्का बसणे
ब्र न काढणे – एक शब्दही न बोलणे
पायाखालची वाळू सरकणे – खूप घाबरून जाणे, आधार तुटणे
खीळ घालणे – काम अडवणे

स्वाध्याय

प्र. १. खालील प्रश्नांची प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) 'सुलतानाज ड्रीम' ही कथा कोणी लिहिली?
(२) ल्यूकच्या दोन भावांची नावे काय होती?
(३) ल्यूक जेवताना कोठे बसत असे?
(४) लपलेली मुले स्वतःला काय म्हणत?
(५) ल्यूकला कोणाचे ओळखपत्र मिळाले?
(६) आपल्या देशात जन्माची खबर किती दिवसांच्या आत द्यायची असते?

प्र. २. रिकाम्या जागी योग्य शब्द भरा.
(१) सरकारी _______ ल्यूकच्या जन्माची नोंद नव्हती.
(२) राजधानीतील सभेला फक्त _______ मुले आली.
(३) बालहक्कांचा करार _______ साली मंजूर झाला.
(४) ल्यूक रात्री अंधारात आपले खरे _______ पुटपुटत असे.

प्र. ३. खालील प्रश्नांची प्रत्येकी तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) झाडे तोडल्यामुळे ल्यूकच्या जीवनात कोणता बदल झाला?
(२) समोरच्या घरात तिसरे मूल आहे, हे ल्यूकने कसे ओळखले?
(३) कायद्याचा भार गरीब आणि श्रीमंत यांच्यावर सारखा पडत नव्हता, हे पाठातील दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
(४) नोंद नसल्यामुळे चीनमधील मुलांना कोणत्या अडचणी येत?

प्र. ४. खालील प्रश्नांची प्रत्येकी आठ-दहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) 'बंडाचे रूप एकच नसते,' हे विधान पाठाच्या आधारे समजावून सांगा.
(२) जेन आणि ल्यूक यांच्या स्वभावातील फरक लिहा. तुम्हाला कोणाचे वागणे अधिक पटते? का?

प्र. ५. खालील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
जीव मुठीत धरणे, ब्र न काढणे, खीळ घालणे.

प्र. ६. विरुद्धार्थी शब्द लिहा.
शूर, श्रीमंत, न्याय, खरा, अंधार, जन्म.

भाषाभ्यास

(अ) या पाठातील काही शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. ते अरबी-फारसीतून मराठीत आले आहेत. मात्र मराठीत त्यांचे रूप थोडे बदलले आहे. मराठी रूप नीट पाहा आणि तसेच लिहा.
गुनाह – गुन्हा
हुक्म – हुकूम
हाजिर – हजर
हक – हक्क
फकत – फक्त
जुल्म – जुलूम

(आ) काही शब्द ओळखीचे वाटतात, पण मराठीत त्यांचा अर्थ वेगळा असतो. असे शब्द वापरताना काळजी घ्या.
खाली – उर्दूत 'रिकामा'. मराठीत 'वर'च्या उलट. (ल्यूक झरोक्यातून खाली पाही.)
शिक्षा – हिंदीत 'तालीम', मराठीत 'सजा'. (तिसऱ्या मुलाला शिक्षा होई.)
दप्तर – उर्दूत 'कार्यालय'. मराठीत 'कार्यालयातील नोंदींचे कागद' आणि 'शाळेत न्यायची पिशवी'.
वरील तिन्ही शब्दांचा मराठी अर्थाने उपयोग करून प्रत्येकी एक वाक्य लिहा.

उपक्रम

(१) आपला जन्मदाखला घरच्या मोठ्या माणसांकडून पाहायला मागा. त्यावर कोणकोणती माहिती लिहिलेली आहे, त्याची यादी मराठीत करा.
(२) ल्यूक शाळेतून आईला पत्र लिहितो, अशी कल्पना करा. पत्र कोणाच्या हाती पडेल याचा नेम नाही, म्हणून त्याला आपले खरे नाव लिहिता येत नाही. आईला मात्र ते कोणाचे पत्र आहे, हे कळले पाहिजे. असे पत्र दहा-बारा ओळींत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.